धवलारणींचे ग्रुप

शैला, तुझे ग्रुप गेले. मी घालवले नाहीत, हे आधीच सांगून टाकते, नाहीतर जिथे असशील तिथून माझ्या नावाने बोटं मोडशील. ज्या सॉफ्टवेअरच्या गॅलरीत आपण इतकी वर्षं लग्नांचे फोटो चढवत आलो, ते आता बंद होतंय. तुझा भाचा निलेश उरणहून मुद्दाम आला आणि त्याने सगळं नव्या सॉफ्टवेअरमध्ये हलवून दिलं. म्हणाला, "मावशी, प्रोजेक्ट सगले आले. फोटोपन आले. ग्रुप तेवढे न्हाय येत, ते तुला हातानं परत करायला लागतील." मी त्याला चहा दिला. तो त्याने बाहेरच्या बाकावर बसून प्यायला. तुझी खुर्ची रिकामी होती, पण बसला नाही.

तर आता पडद्यावर आपली सगळी लग्नं, साखरपुडे, हळदी एकाखाली एक मोकळ्या पडल्या आहेत. वर एक ओळ येते की तुमचा एकही ग्रुप नाही, नवीन ग्रुप करा. तुझं बारावं झाल्यापासून मी रोज दुकान उघडते, त्या ओळीकडे बघते, दोन पासपोर्ट फोटो काढून देते आणि दुकान बंद करून घरी जाते. चौल नाक्यावरच्या लोकांना वाटतंय की मी आजारी आहे.

खरं कारण तुला सांगते. हे ग्रुप आता मी माझ्या पद्धतीने करू शकते. वर्षाप्रमाणे, त्यात महिन्याप्रमाणे, त्यात गिऱ्हाइकाच्या आडनावाप्रमाणे. ज्यावरून आपण इतकी वर्षं तोंड वाजवलं, ते भांडण मी आता बसल्या जागी जिंकू शकते, कारण समोर कोणी नाही. आणि असं जिंकायची पाळी माझ्यावर आणलीस म्हणून मला तुझा भयंकर राग आलाय.

आठवतं ना, सुरुवात कशी झाली ती? प्रोजेक्ट म्हणजे एक लग्न, एवढं तुला पहिल्याच दिवशी कळलं होतं. प्रोजेक्ट वाढले आणि शोधायला त्रास व्हायला लागला, तेव्हा मी म्हटलं, आता यांचे ग्रुप करू. सॉफ्टवेअरची अट एकच होती, एक प्रोजेक्ट एकाच ग्रुपमध्ये राहील. मी एक अख्खी दुपार घालवून वर्षं लावली, आडनावं लावली आणि कौतुकाच्या अपेक्षेने तुला बोलावलं. तू कॅमेऱ्याची पिशवी खांद्यावरून न उतरवता पडद्याकडे बघितलंस आणि म्हणालीस, "ह्या बायांनी लगनं लावलीत गो, आडनावांनी न्हाय."

कुठल्या बाया, ते मला तेव्हा कळलं नाही. मी चौलच्या वाडीतली. आमच्याकडे लग्न म्हणजे भटजी. तुझ्या खारेपाटातल्या आगऱ्यांच्या लग्नात धवलारीण लागते, हे मी तुझ्याबरोबर हिंडायला लागल्यावर बघितलं. मांडवात उंबराची फांदी उभी राहते तेव्हापासून ती धवले गायला बसते आणि हळद, तेल, तांदूळ, सगळं तिच्या गाण्याच्या मागून पुढे सरकतं. म्हातारी बाई, जमिनीवर मांडी घालून बसलेली, समोर हळदीची वाटी. तुझी आई धवलारीण होती, हेही मला तू नाही, तुझ्या शेजारणीने सांगितलं.

तू माझे ग्रुप मोडलेस आणि तुझे केलेस. 'आय', 'सोनाबाय', 'हिरूबाय', 'पोयनाडची मावशी'. ज्या लग्नात जी धवलारीण गायली, ते लग्न तिच्या नावाखाली. एखादं गिऱ्हाईक येऊन म्हणायचं, "आमच्या लग्नाचे फोटो दाखवा," की मी विचारायची, "आडनाव?" आणि तू मागून विचारायचीस, "गायला कोन होती?" लोक गोंधळून जायचे. अर्ध्या लोकांना सांगता यायचं नाही आणि मी तुझ्याकडे बघून भुवया वर करायची. ज्यांना सांगता यायचं, त्यांचा प्रोजेक्ट तू माझ्याआधी उघडायचीस. तेव्हा तू माझ्याकडे बघायची नाहीस, आणि ते जास्त लागायचं.

आणि त्या फोनचं काय सांगू. ग्रुपचं नाव गिऱ्हाइकाच्या पानावर वर मोठ्या अक्षरांत दिसतं, हे आपल्या दोघींच्याही लक्षात आलं नव्हतं. पेझारीच्या त्या नवऱ्यामुलाने आपली गॅलरी सगळ्या नातेवाइकांना पाठवली. नवरा-नवरीच्या नावांच्या वर, ठळक, सोनाबाय. त्याचा फोन आला तेव्हा त्याचा आवाज चढलेला. "मॅडम, ही सोनाबाय कोन? माझ्या सासूरवाडीचे विचारतात, नवरीचं नाव बदललं काय?" मी माफी मागायच्या बेतात होते. तेवढ्यात त्याच्या मागून त्याच्या आजीचा आवाज आला, चांगला खणखणीत. "आरं, जिनं तुजं लगीन लावलं ती सोनाबाय. इसरलास व्हय?"  मग पोरगा हळूच म्हणाला, "ऱ्हाऊ दे मॅडम, तसंच ऱ्हाऊ दे." तू त्या दिवशी दुकानात अशी मिरवत होतीस की त्या आजीला तूच शिकवून ठेवलं होतंस असं वाटावं. मी संतापले होते. आज कबूल करायला हरकत नाही, घरी जाऊन मी नवऱ्याला तो किस्सा हसत हसत सांगितला होता.

तुझ्यामुळे मी खूप हसले शैला. हळदीच्या घरून तू माझ्यासाठी डबा आणायचीस. मी मटण खात नाही, हे तुला माहीत होतं आणि तुझा त्यावर विश्वास नव्हता. म्हणून रश्शातला बटाटा वेचून आणायचीस, वर सांगायचीस, "रस्सा झटकला हाय, खा." तो बटाटा मी कधी खाल्ला नाही. तांदळाच्या भाकऱ्या मात्र सगळ्या खाल्ल्या. आता हळदीच्या घरून माझ्यासाठी कोणी काही आणत नाही, आणि मला त्या बटाट्याचीसुद्धा आठवण येते.

भांडणं ग्रुपवर थांबली नाहीत. प्रत्येक लग्नाचा पहिला फोटो तू धवलारणीचा काढायचीस. नवरी नाही, मांडव नाही, गणपती नाही. आधी ती म्हातारी, वाटीवर वाकलेली, कधी तोंड उघडं, कधी डोळे मिटलेले. मी विचारलं, हा कशाला? तू म्हणालीस, "लाइट बगीतला." मी म्हटलं, मग उडवते. तू म्हणालीस, "ऱ्हाऊ दे, तुजं काय खातंय?" अल्बमसाठी कोणी तो फोटो निवडत नसे. नवरीच्या मागे, फुलांच्या आड, बोटाएवढी धवलारीण दिसली तरी लोक म्हणत, हिला कापा. मी तो पहिला फोटो गिऱ्हाइकाला दिसणार नाही असा लपवून ठेवायची, आणि तू मागणार नाहीस याची मला खात्री होती. तू कधी मागितला नाहीस.

दुसरं भांडण तुझ्या गुणगुणण्याचं. फोटो काढता काढता मध्येच तू थोडं शूटिंग करायचीस, त्याच्या क्लिप मी गॅलरीत टाकायची. त्यात डीजे ऐकू येतो, बायका ऐकू येतात आणि सगळ्यांच्या वर, माइकच्या अगदी जवळ, तू. ऊं ऊं ऊं. मी तुला किती वेळा सांगितलं असेल की बाई, तोंड मिटून काम कर, गिऱ्हाईक काय म्हणेल. तू म्हणायचीस, "मी कुटं गातंय? श्वास घेतंय." मग मी प्रत्येक क्लिपचा आवाज काढून टाकायची आणि खाली सनई लावायची. ते माझं कामच होतं, त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नव्हतं, आणि तुलाही वाटलं नाही.

आई गेली तेव्हा गावातल्या बायका तुझ्याकडे आल्या होत्या. आता तू गा, म्हणाल्या. त्या दिवशी मी तुझ्या ओटीवर बसले होते, मला सगळं ऐकू आलं. तू म्हणालीस, "मना पाठ न्हाय. मी फोटोवाली." बायका कुरकुरत गेल्या. त्यांच्या मागे तू भांडी घासायला बसलीस आणि पातेल्यावरच सगळा राग काढलास. मला म्हणालीस, "माजी आय गला बसंपर्यंत गायची. आनि जेवाय शेवटच्या पंगतीला. नवरीची वरात गेल्यावर. कुनी सोडाय यायचा न्हाय, चालत यायची. मना नको तो मान."  नंतर तो विषय आपण कधीच काढला नाही. काढायला हवा होता. तुझ्या-माझ्यात न बोललेलं जे काही राहिलं, त्यातलं सगळ्यात मोठं हेच असावं.

मग एक ढीग उरला. अलीकडची लग्नं, ज्यात धवलारीणच नव्हती. सोनाबाय गेली, हिरूबायचे गुडघे गेले, नव्या मुली गायला तयार नाहीत. अंगणात डीजे आणि घरात मोबाइलवर कुणीतरी रेकॉर्ड केलेला धवला, तोही मध्येच जाहिरात येऊन थांबतो. हे प्रोजेक्ट तुझ्या कुठल्याच ग्रुपमध्ये बसेनात. ते तसेच बाहेर मोकळे राहिले. मी म्हटलं, यांचा 'इतर' म्हणून ग्रुप करू. तू चिडलीस. "इतर म्हंजे कोन? मानसांच्या लगनाला इतर बोलतेस?" मी म्हटलं, मग तूच सांग नाव. तू सांगितलं नाहीस.

अलिबागला दवाखान्यात होतीस तेव्हाही मी तेच विचारलं. दुसरं काय बोलणार? तब्येतीचं बोललं की तू तोंड फिरवायचीस, म्हणून मी दुकानाचं बोलायची. डीजेवाल्या लग्नांचं काय करू, म्हटलं. तू माझं मनगट धरलंस, तुझा हात गरम होता. म्हणालीस, "ऱ्हाऊ दे त्यांना. मी घरी आली का सांगतंय." मी म्हटलं, बरं. मग मी तुला पेज भरवली, तू दोन चमचे खाल्लेस आणि मिठावरून मला बोललीस. तू घरी आली नाहीस.

काल दुपारी मी दुकानात बसले होते. आता वर्षं लावून टाकू, असं ठरवूनच बसले होते. नव्या सॉफ्टवेअरमध्ये नुसत्या नावांच्या यादीऐवजी चित्रं दाखवायचीही सोय आहे. बघू तरी म्हणून मी ती दाबली. हे सॉफ्टवेअर प्रत्येक प्रोजेक्टचा पहिला फोटो त्याच्यावर लावतं, आणि मी लपवलेले फोटो हलवताना उघडे झाले होते.

शैला, सगळा पडदा धवलारणींनी भरला. नवरी एकसुद्धा नाही. सोनाबाय, सोनाबाय, हिरूबाय, सोनाबाय, पोयनाडची मावशी, आणि वरच्या ओळीत हिरव्या लुगड्यातली तुझी आई, हळदीच्या वाटीवर वाकलेली, कॅमेऱ्याकडे बघून थोडी रागावलेली. तुझ्या आईचा चेहरा मी पहिल्यांदा नीट बघितला. नाक तुझंच आहे. मी खुर्चीतून उठले, दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं आणि पोटभर रडून घेतलं. बाराव्याला मला रडू आलं नव्हतं, तुझ्या बहिणीने त्यावरून मनात धरलंय.

लाइट बघितला म्हणे. प्रत्येक लग्नात तू आधी तिला मान दिलास. पंगतीला शेवटी बसायच्या आधी ती तुझ्या कॅमेऱ्यात पहिली बसली. इतकी वर्षं मी तुझ्या शेजारच्या खुर्चीवर होते आणि तू मला लाइट सांगत राहिलीस.

मग मी हट्टाने ग्रुप करायला घेतले. तुझे. एक एक म्हातारी बघायची, उचलायची आणि तिच्या नावाखाली सोडायची. जिथे चेहरा ओळखला नाही तिथे हिरूबायच्या मुलीला फोटो पाठवला. तिने दोन चुकीच्या सांगितल्या, मग स्वतःच फोन करून दुरुस्त केल्या आणि वर मला ऐकवलं, "आमाला कुनी इचारलं न्हवतं आजवर." सोनाबायचा ग्रुप सगळ्यात मोठा झाला. तुला तो आवडला असता.

शेवटी तो ढीग उरलाच. त्यांच्या पहिल्या फोटोत माणूस नव्हतं. हळदीची वाटी, मांडलेला पाट आणि जिथे धवलारीण बसते ती रिकामी जागा. एकात तिथे स्पीकर ठेवलेला. तरीही तू आधी त्या जागेचाच फोटो काढला होतास. मी प्रोजेक्ट उघडले. नव्या ठिकाणी मूळ क्लिप आल्या होत्या, सनईच्या आधीच्या, म्हणजे आवाजासकट.

बाहेर डीजे धडधडत होता. आतल्या खोलीत बायका नवरीला हळद लावत होत्या, चुपचाप, काय म्हणायचं ते माहीत नसल्यासारख्या. आणि माइकच्या जवळ तू होतीस. मी कानाला हेडफोन लावला आणि आयुष्यात पहिल्यांदा ते ऊं ऊं पूर्ण ऐकलं. ते गुणगुणणं नव्हतं ग. त्यात शब्द होते. उंबर होता, तेल होतं, नवरीच्या आईबापाची नावं होती, त्याच घरातली, बरोबर. एकातही चुकली नाहीस, कुठे अडखळली नाहीस. नवरीच्या कपाळाला हळद लागली त्या क्षणी तुझं कडवं संपलं. दुसरं लग्न उघडलं, तेच. तिसरं उघडलं, तेच. ज्या लग्नात गायला कोणी नव्हतं, त्या प्रत्येक लग्नात तू कॅमेऱ्याच्या मागे उभी राहून अख्खा धवला म्हटलास, कोणालाही ऐकू जाणार नाही असा. सोनाबायच्या लग्नांच्या क्लिपही मी लावून बघितल्या. तिथे नुसती सूर धरत होतीस.

पाठ न्हाय म्हणालीस. माझ्यासमोर म्हणालीस.

 तू मान नको म्हणाली होतीस आणि ते मी विसरलेले नाही. तुझ्या आईला चालत घरी पाठवणाऱ्यांच्या मांडवात तुला बसायचं नव्हतं. पण लग्न धवल्याशिवाय लागू द्यायलाही तुझा जीव झाला नाही. मग मी ठरवलं की तू मान नाकारला होतास, गाणं नाही. तू असतीस तर यावर भांडली असतीस. मीही भांडले असते. पण तू घरी आल्यावर नाव सांगणार होतीस आणि आली नाहीस, तेव्हा आता माझंच चालेल.

नवीन ग्रुप केला. त्यात ते सगळे मोकळे प्रोजेक्ट सोडले. नावाच्या जागी लिहिलं, शैला. ग्रुपचं नाव गिऱ्हाइकाला दाखवायचं का, असं हे सॉफ्टवेअर विचारतं. मी हो म्हटलं. जुन्या लिंक बंद झाल्यामुळे सगळ्यांना नव्या पाठवायच्याच होत्या, त्या पाठवल्या.

आज सकाळी पहिला फोन आला. शहाबाजचा मुलगा, गेल्या उन्हाळ्यातलं लग्न, तुझं शेवटून दुसरं. "मॅडम, आमच्या फोटोंवर शैला लिवलंय. आमच्यात शैला कोन न्हाय."

मी म्हटलं, "तुमचं लगीन लावलं ती."

"आमच्यात कुटं धवलारीण होती? डीजे होता."

"होती," मी म्हटलं. "फोटोवाली. आईला जवळ बोलवा आणि मी पाठवते ते ऐका."

त्याच्या हळदीची क्लिप मी त्याला पाठवली. या वेळी आवाज काढला नाही.